डॉलर चढतोय म्हणून सगळी बचत डॉलरमध्ये हलवायची का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात खरं तर चार-पाच प्रश्न एकमेकांत अडकलेत. मला समजलं ते असं: तुमची कमाई आणि बचत सगळी आपल्या देशाच्या चलनात, मुलगी चार वर्षांनी शिकायला बाहेर जाणार आणि तिची फी डॉलरमध्ये, गेल्या वर्षभरात आपलं चलन चांगलंच घसरलंय त्यामुळे झोप उडालीय, मित्र म्हणतोय सगळं उचल आणि डॉलरमध्ये टाक, भाऊ म्हणतोय घराचं कर्ज कमी व्याजाच्या परकीय चलनात फिरवून घे, आणि तुमच्याकडे एक परदेशी शेअर्सचा फंड आहे तो मस्त वर दिसतोय म्हणून त्यात अजून घालावं का असंही मनात आहे. या सगळ्याच्या वर तुम्ही विचारलंय की आपलं चलन अजून किती पडेल.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. ते मला सांगता येत नाही, आणि जो कोणी छातीठोकपणे सांगतो त्याच्या भरवशावर मुलीच्या फीचे पैसे ठेवू नका. रिचर्ड मीस आणि केनेथ रोगॉफ या दोन अर्थतज्ज्ञांनी १९८३ साली तेव्हाची नावाजलेली मॉडेल्स तपासली होती, आणि पुढच्या वर्षभराचा विनिमय दर सांगण्यात ती मॉडेल्स 'आजचा दर तोच उद्याचा' या साध्या अंदाजालाही हरवू शकली नव्हती. त्यानंतर या विषयावर ढीगभर काम झालं पण कमी मुदतीचं भाकीत अजून कुणाच्या हाती नीट लागलेलं नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये जगात दिवसाला साधारण साडेसात लाख कोटी डॉलरची चलनांची उलाढाल होत होती. एवढ्या गर्दीत जी बातमी तुम्ही आणि मी वाचलीय ती दरात आधीच बसलेली असते.

मी बावीस वर्षं लोकांच्या बचतीचं नियोजन करतोय आणि या कामात चलनाबद्दल मला एकच प्रश्न उपयोगी पडलाय: हा पैसा शेवटी कोणत्या चलनात खर्च होणार आहे? कुठे जास्त मिळेल हा प्रश्न त्यानंतरचा. ज्या चलनात खर्च, त्या चलनात हळूहळू बचत नेत राहायची. हे ऐकायला फार साधं वाटतं पण ते मी चूक करून शिकलोय म्हणून ती चूक सांगतो.

२००५ च्या शेवटी एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं, मुलगा अडीच वर्षांनी युरोपात शिकायला जाणार होता, फी आणि राहणं दोन्ही युरोत. त्या वेळी माझ्या डोक्यात परदेश म्हणजे डॉलर हे पक्कं बसलेलं, डॉलर हे जगाचं चलन, अडीनडीला तेच चालतं, म्हणून मी त्यांची बरीचशी रक्कम डॉलरमध्ये नेली. तेव्हा एका युरोला १.१८ डॉलरच्या आसपास पडायचे. २००८ च्या जुलैमध्ये, म्हणजे बरोबर फी भरायच्या सुमाराला, एका युरोला १.६० डॉलर लागत होते. म्हणजे त्यांनी जपून ठेवलेल्या डॉलरांची युरोतली किंमत चौथ्या हिश्शाने कमी झाली होती, आणि ही रक्कम कुठे बुडाली नव्हती, कुणी फसवलं नव्हतं, खात्यात एकही डॉलर कमी नव्हता. त्यांनी उरलेली रक्कम कर्ज काढून भरली. मला त्याचं अजून वाईट वाटतं कारण त्यांनी तर मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की खर्च युरोत आहे. मीच ते नीट ऐकलं नाही.

म्हणून 'डॉलर नेहमी चढतोच' हे वाक्य डोक्यातून काढा. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच मोठ्या देशांनी डॉलर खाली आणायचं ठरवलं, तेव्हा एका डॉलरला साधारण २४० येन मिळायचे, १९८७ संपताना १२० च्या आसपास, सव्वादोन वर्षांत निम्मा. तुमच्या-माझ्या चलनासमोर तो बरीच वर्षं चढत आलेला असेल, पण त्यामागे एक कारण असतं ते बघितलं की चित्र बदलतं.

ते कारण म्हणजे व्याज. ज्या देशात महागाई जास्त तिथे व्याजही जास्त द्यावं लागतं आणि तिथलं चलन दीर्घकाळात साधारण त्या फरकाने झिजत जातं. हे दर वर्षी काटेकोर घडत नाही, मध्ये तीन-चार वर्षं चलन जागेवर बसून राहतं आणि मग एकदम सहा महिन्यांत सगळी कसर भरून काढतं, तुम्हाला गेल्या वर्षी जो धक्का बसलाय तो त्यातलाच असू शकतो. आता एक हिशोब करून बघा. समजा आपल्याकडच्या मुदत ठेवीवर ७ टक्के मिळतात आणि डॉलरच्या ठेवीवर ४. एका डॉलरला आज आपल्या चलनाचे ८० मोजावे लागतात. चार वर्षांनी डॉलर ८९-९० ला गेला तरी दोन्हीकडे पैसे ठेवलेल्या माणसाच्या हातात सारखीच रक्कम येते, कारण तेवढा फरक व्याजाने भरून काढलेला असतो. म्हणजे डॉलर ८० वरून ८८ झाला म्हणून जो माणूस 'बघा मी म्हणत होतो' म्हणतो तो प्रत्यक्षात थोडा मागेच पडलेला असतो. लोक दराचा आकडा लक्षात ठेवतात, चार वर्षांत न मिळालेलं व्याज कुणी लक्षात ठेवत नाही. (टॅक्स दोन्हीकडे वेगळा लागत असेल तर हा आकडा हलेल, तो तुमच्या देशाच्या नियमाप्रमाणे बघून घ्या.)

मग तरीही डॉलरमध्ये न्यायचेच कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर जास्त मिळवायला नाही. मुलीची फी ही अशी गोष्ट आहे की ती ठरल्या तारखेला ठरल्या चलनात भरावीच लागते, पुढे ढकलता येत नाही, अर्धी भरता येत नाही. त्या पैशावर मला चलनाचा नफाही नको आणि तोटाही नको. आपल्या चलनात ठेवून मला सरासरी तेवढंच मिळेलही, पण 'सरासरी' फी भरत नाही, त्या एका वर्षीचा दर भरतो. हा खात्रीसाठी मोजलेला पैसा आहे, विम्याच्या हप्त्यासारखा.

आणि त्यासाठी एकदम सगळं उचलून टाकायची गरज नाही. मी हे बहुतेक वेळा तुकड्यांत करतो, चार वर्षं असतील तर दर सहा महिन्यांनी एक असे आठ हप्ते, तारखा आधीच कॅलेंडरवर टाकून ठेवलेल्या, आणि त्या दिवशी दर कितीही असो घ्यायचे म्हणजे घ्यायचे. याने तुम्हाला सगळ्यात चांगला भाव मिळतो असं अजिबात नाही, काही वेळा पहिल्या दिवशी सगळं घेतलेलं स्वस्त पडलं असतं. पण एकाच दिवसाच्या दरावर सगळं टांगलेलं राहत नाही. तुमच्यासारख्या माणसाला मी हेच सुचवतो कारण तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी उठून रेट बघता, आणि जो माणूस रोज रेट बघतो तो घसरणीच्या सगळ्यात वाईट आठवड्यात घाबरून सगळं घेतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता नवीन क्लायंटला मी पहिल्या भेटीतच तारखा लिहून द्यायला लावतो. दर पडला म्हणून पुढचा हप्ता आधी घ्यायचा नाही आणि सुधारला म्हणून थांबायचं नाही. जसजशी तारीख जवळ येईल तसतसा वाटा वाढलेला असला पाहिजे, फी भरायला सहा महिने उरलेत आणि निम्मी रक्कम अजून आपल्या चलनात आहे अशी वेळ येऊ देऊ नका.

यात परिस्थितीवर अवलंबून आहे ते असं. मुलीचं जाणं नक्की किती? चार वर्षांत मुलांचं मन बदलतं, शिष्यवृत्ती मिळते, कधी देश बदलतो. जाणं पक्कं नसेल तर मी चारऐवजी दोन-अडीच वर्षं आधी सुरुवात करायला सांगतो आणि तोवर पैसे आपल्या चलनात वाढू देतो. दुसरं म्हणजे तुमचा पगार कुठून येतो. तुमची कंपनी माल किंवा सेवा बाहेर विकून डॉलरमध्ये कमवत असेल तर आपलं चलन पडल्यावर तुमची नोकरी उलट जास्त मजबूत होते, म्हणजे थोडंसं संरक्षण तुम्हाला घरबसल्या आहे. कंपनी कच्चा माल बाहेरून आणत असेल तर उलटं, चलन पडलं की फीही महाग आणि बोनसही गेला, अशा माणसाने हप्ते लवकर सुरू करावेत. तिसरं, तुमच्या देशात बाहेर पैसे पाठवायला किंवा परकीय चलनाचं खातं ठेवायला काय मर्यादा आहेत. त्या आधी वाचून घ्या, बँकेतल्या माणसाच्या तोंडी सांगण्यावर राहू नका.

आता मित्राच्या 'सगळं उचल'बद्दल. सगळं म्हणजे काय काय? त्यात तुमचा अडीअडचणीचा पैसा आहे, जो उद्या नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं तर लागणार आणि इथेच लागणार, इथल्याच चलनात. तो हलवायचा नाही, अजिबात नाही. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी घसरणीच्या भीतीने हाच पैसा बाहेर नेला होता आणि तीन महिन्यांत त्यांना शस्त्रक्रियेसाठी लागला. तोवर दर सहा टक्क्यांनी उलटा फिरलेला, शिवाय पैसे नेताना एकदा आणि परत आणताना एकदा चलन बदलायचा खर्च, आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे पैसे हातात यायला लागलेले पाच दिवस. त्या पाच दिवसांबद्दल त्या अजून बोलतात, सहा टक्क्यांबद्दल नाही.

निवृत्तीचा पैसा या दोन्हींच्या मधला आहे. म्हातारपणी तुम्ही इथेच राहणार असाल तर खर्च मुख्यतः इथल्या चलनात होणार, पण इंधन, औषधं, मोबाइल, प्रवास यांच्या किमतीत बाहेरच्या चलनाचा हात असतो, कारण कच्च्या तेलासकट बऱ्याच गोष्टींचा भाव जगात डॉलरमध्येच ठरतो. म्हणून त्या पैशातला काही भाग बाहेरच्या शेअर्समध्ये असलेला मला आवडतो, साधारण पाचवा ते चौथा हिस्सा. हा माझा अंदाज आहे, नियम नाही. आणि घरात सोनं असेल तर तेही मोजा. सोन्याचा जागतिक भाव डॉलरमध्ये असतो, त्यामुळे आपलं चलन पडलं की इथला सोन्याचा भाव त्या मानाने वर जातो, म्हणजे सोनं बाळगणाऱ्या माणसाने डॉलरचा थोडा धोका किंवा आधार, जे म्हणायचं ते, आधीच घेतलेला असतो.

इथपर्यंतचं एका वाक्यात: अडचणीचा पैसा इथेच, फीचा पैसा हप्त्याहप्त्याने फीच्या चलनात, निवृत्तीच्या पैशातला थोडा बाहेर. आता फंडाकडे येतो, कारण तिथे तुमचा एक गैरसमज दिसतोय.

तुम्ही लिहिलंय की फंड आपल्याच चलनात आहे त्यामुळे त्याला चलनाची भीती नाही, आणि वर्षात साडेसतरा टक्के वाढलाय. फंडाची किंमत तुम्हाला कोणत्या चलनात छापून दाखवतात याला काही अर्थ नसतो, आतले शेअर्स कुठले आहेत आणि त्या कंपन्या कुठे कमावतात ते महत्त्वाचं. समजा बाहेरचे शेअर्स त्यांच्या चलनात फक्त ५ टक्के वाढले आणि तेवढ्याच काळात डॉलर आपल्या चलनासमोर १२ टक्के चढला, तर १.०५ गुणिले १.१२ म्हणजे १.१७६, झाले तुमचे साडेसतरा टक्के. त्यातली मोठी वाढ शेअर्सची नाहीच, ती घसरणीची आहे, तीच घसरण जिच्यामुळे तुमची झोप उडालीय. उलटही होतं. शेअर्स १० टक्के वाढले आणि डॉलर १० टक्के पडला तर शून्य नाही, एक टक्का तोटा होतो, कारण १.१० गुणिले ०.९० हे ०.९९ आहे. टक्केवारीत अजून एका जागी लोक नेहमी फसतात म्हणून सांगतो: डॉलर ८० वरून १०० झाला तर डॉलर २५ टक्के चढला पण आपलं चलन २० टक्केच पडलं, दोन्ही आकडे बरोबर असतात आणि बातमी देणारा त्याला हवा तो उचलतो.

आणि देशी कंपन्यांमध्येही चलन लपलेलं असतं. २०१६ च्या जूनमध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला, त्या एका रात्रीत पौंड १.५० डॉलरवरून १.३३ च्या खाली गेला, सगळ्यांना वाटलं लंडनचा बाजार महिनोन्महिने उठणार नाही. पण तिथल्या १०० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, फुट्सी, आठवडाभरात कौलाच्या आधीच्या पातळीच्या वर होता, कारण त्यातल्या बऱ्याच कंपन्या बाहेरच्या देशांत कमावतात आणि पौंड पडल्यावर तीच कमाई पौंडात जास्त दिसायला लागली. ब्रिटनमध्येच धंदा करणाऱ्या मधल्या आकाराच्या कंपन्यांना मात्र चांगलाच फटका बसला. तेव्हा तुमच्याकडचे देशी फंडही एकदा उघडून बघा, आत काय आहे ते.

फंडात अजून घालावं का, याचं माझं उत्तर असं की वाढलाय म्हणून घालू नका. आणि फीचे पैसे तर त्यात नकोच, चार वर्षं हा शेअर्ससाठी फार कमी काळ आहे. चलन बरोबर जुळलं तरी शेअर्सच तीस टक्के पडले तर त्या जुळण्याचा काय उपयोग. फीचा पैसा डॉलरमधल्या ठेवीत किंवा कमी मुदतीच्या चांगल्या सरकारी रोख्यांत राहू द्या, कंटाळवाण्या जागी.

तुम्ही हेजिंगबद्दलही ओझरतं विचारलंय, म्हणजे चलनाचा परिणाम काढून टाकलेला फंड घ्यावा का. रोख्यांच्या फंडात घ्यावा असं माझं मत आहे, कारण रोख्यांची स्वतःची चढउतार इतकी कमी असते की त्यात चलन मिसळलं की ते चलनावरचाच सट्टा होऊन बसतं. शेअर्समध्ये मात्र तुमचं चलन कसलं आहे त्यावर ठरतं. बऱ्याच विकसनशील देशांचं असं असतं की जगात घबराट झाली की त्यांचं चलन पडतं आणि डॉलर चढतो, २००८ मध्ये असंच झालं, त्यामुळे बाहेरचे शेअर्स पडले तरी डॉलर थोडी कसर भरून काढतो. तो आधार हेजिंग करून पैसे मोजून काढून टाकण्यात मला शहाणपण दिसत नाही. जपान किंवा स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या माणसाचं बरोबर उलट, घबराटीत त्यांचं चलन चढतं. २०२४ च्या जुलैच्या सुरुवातीला एका डॉलरला १६१ च्या पुढे येन मिळत होते, महिनाअखेरीस जपानच्या केंद्रीय बँकेने व्याज वाढवलं, स्वस्त येन उसने घेऊन बाहेर गुंतवणाऱ्यांची पळापळ झाली आणि ५ ऑगस्टला डॉलर १४२ येनच्या आसपास आला होता. त्याच दिवशी टोकियोचा निक्केई निर्देशांक १२ टक्क्यांहून जास्त कोसळला, अमेरिकन शेअर्सही पडत होते. अमेरिकन शेअर्स घेऊन बसलेल्या जपानी माणसाला शेअर्सनी मारलं आणि चलनानेही मारलं.

हाच मुद्दा धरून भावाच्या कर्जाच्या सल्ल्याकडे येतो, आणि इथे मी अगदी स्पष्ट सांगतो की हे करू नका. तुमची बाकीची चूक फार तर काही टक्के महाग पडेल, ही चूक घर घेऊन जाऊ शकते. हंगेरी आणि पोलंडमध्ये २००८ च्या आधी लाखो कुटुंबांनी स्विस फ्रँकमध्ये घरकर्ज घेतलं होतं कारण व्याज कमी होतं, पगार मात्र त्यांच्या स्वतःच्या चलनात. २००८ च्या मध्यावर एक फ्रँक दीडशे फोरिंटच्या (हंगेरीचं चलन) आत मिळायचा, २०११ पर्यंत तो २०० च्या बराच पुढे गेला. हप्ते वर्षानुवर्षं भरूनही स्वतःच्या चलनात मोजलेलं कर्ज सुरुवातीपेक्षा मोठं झालेलं होतं, आणि घरांच्या किमती खाली. मग २०११ च्या सप्टेंबरमध्ये स्विस केंद्रीय बँकेने जाहीर केलं की युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही, सगळ्यांना वाटलं आता धोका संपला. १५ जानेवारी २०१५ ला सकाळी ती मर्यादा अचानक उठवली आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. हंगेरीने काही महिने आधीच कर्जं फोरिंटमध्ये बदलायचं ठरवलं होतं म्हणून तिथली माणसं थोडक्यात वाचली, पोलंडमधल्या कर्जदारांना तो धक्का अंगावर घ्यावा लागला आणि त्यांचे कोर्टातले वाद पुढे कित्येक वर्षं चालले. कमी व्याज हे फुकट मिळत नाही, त्याच्या बदल्यात चलनाचा धोका तुमच्या गळ्यात पडतो. भावाला म्हणावं, पगारही फ्रँकमध्ये मिळत असेल तर जरूर घे.

त्याच कारणाने, 'दर तर बांधलेला आहे, हलतच नाही' हे ऐकून कुठल्याही चलनात निर्धास्त होऊ नका. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ वर बांधलेला आहे आणि टिकलाय, त्यामागे तेलाचा पैसा आणि मोठी गंगाजळी आहे. थायलंडचा बाथही वर्षानुवर्षं डॉलरला २५ च्या आसपास शांत होता, २ जुलै १९९७ ला सरकारने हात सोडला आणि पुढच्या जानेवारीत डॉलर ५० बाथच्या पार गेला होता. आणि रियालमधले पैसे डॉलरमध्ये नेले म्हणून धोका विभागला असंही होत नाही, दोन्ही एकाच दोरीला बांधलेले आहेत.

अजून एक गोष्ट बहुतेक जण विचारत नाहीत, ती म्हणजे डॉलर ठेवायचे कुठे. देशातल्याच बँकेत परकीय चलनाचं खातं उघडणं सोपं असतं आणि स्थिर देशात मी त्याला हरकत घेत नाही. पण अर्जेंटिनात १९९१ पासून कायद्याने एक पेसो म्हणजे एक डॉलर होता, लोकांनी तिथल्याच बँकांत डॉलरच्या ठेवी ठेवल्या होत्या, अगदी या भीतीपोटीच. २००१ च्या डिसेंबरमध्ये आठवड्याला २५० पेसोंपेक्षा जास्त काढता येईना, आणि २००२ मध्ये सरकारने त्या डॉलर ठेवी एका डॉलरला १.४० पेसो या दराने पेसोत बदलून टाकल्या, बाजारात मात्र काही महिन्यांतच डॉलर चार पेसोंच्या जवळ गेला. लेबनॉनमध्ये २०१९ नंतर बँकेत कागदावर डॉलर होते पण हातात पूर्ण मिळत नव्हते. म्हणजे खात्यावर 'डॉलर' लिहिलेलं असलं तरी ती त्या बँकेने आणि त्या देशाने दिलेली कबुली असते, आणि संकटात पहिला हात त्याच कबुलीवर पडतो. तुमच्या देशाची परकीय गंगाजळी भक्कम असेल, बँका धड असतील तर याची रात्रंदिवस काळजी नको. नसेल तर फीचे हप्ते जिथे खर्च होणार आहेत त्याच देशात नेऊन ठेवता येतील का ते बघा, अर्थात नियमात बसत असेल तरच.

खर्चाबद्दल पटकन: 'कमिशन शून्य' लिहिलेलं असलं तरी दरातच कापलेलं असतं. त्या क्षणाचा बाजारातला मधला दर, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावांच्या मधोमधचा, बघा, तुम्ही देताय त्या रकमेचे त्या दराने किती डॉलर व्हायला हवेत ते काढा, आणि समोरचा प्रत्यक्ष किती देतोय ते विचारा. तोच खरा खर्च. दोन-तीन ठिकाणी विचारलंत तर एक-दोन टक्क्यांचा फरक सहज दिसेल, आठ हप्त्यांत ती रक्कम काही लहान नाही.

शेवटी तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला खटकली, ती आधी नीट तपासा. तुम्ही फी 'डॉलरमध्ये' एवढंच लिहिलंय आणि देशाचं नाव नाही. अमेरिकन, कॅनेडियन की ऑस्ट्रेलियन? २०११ च्या मध्यावर कॅनडाचा डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा किंचित महाग होता, २०१६ च्या जानेवारीत तो ७० अमेरिकन सेंटच्याही खाली होता, तेव्हा नाव एक असलं तरी ही वेगवेगळी चलनं आहेत. मुलीच्या यादीतली विद्यापीठं कोणत्या देशांत आहेत, फी सत्राची की वर्षाची, आणि राहण्याचा खर्च कोणत्या चलनात, एवढं कळवा. दोन देश यादीत असतील तर हप्तेही दोघांत वाटावे लागतील, ते कसे वाटायचे ते मग आकडे घेऊन बघू.